हॅमॉक भिजतो तो वरून नाही, पट्ट्यावरून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी कॅम्पिंगवर पानभर लेख आला होता. फोटो छान, लिहिलंयही छान, पण त्यातला हॅमॉकचा, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या झोळीचा, परिच्छेद वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितेय. जरा लांबेल, हवी तर कात्री लावा, फक्त हॅमॉक झाडाला बांधायच्या पट्ट्याबद्दल मी जे लिहिलंय तेवढं कापू नका. लेखात म्हटलंय की पावसात हॅमॉक लावायचा असेल तर 'वॉटरप्रूफ हॅमॉक' विकत घ्या, वर एखादं प्लास्टिक टाका आणि निवांत झोपा. नाही हो, असं निवांत कोणी झोपत नाही. आमचं नाशकात ताडपत्रीचं दुकान आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं, आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कांद्याच्या चाळीवाले, ट्रकवाले, मंडपवाले, पण अलीकडे मे महिना संपत आला की पाठीला सॅक लावलेली पोरंपोरी पण यायला लागलीयेत, आणि मी स्वतः भाचरांना घेऊन हॅमॉक टांगून झोपायला जाते, त्यामुळे कापड आणि पाणी या दोन्हींबद्दल चार शब्द बोलायला हरकत नसावी.

पहिली गोष्ट त्या वॉटरप्रूफची. हॅमॉकचं कापड पातळ नायलॉन असतं आणि त्यातून हवा जाते, ते तसंच असायला पाहिजे. कोटिंग केलेल्या कापडाची झोळी केली तर अंगाचा घाम आत राहतो, त्यात कुठूनतरी पाणी आलंच तर ते खाली गळून जात नाही, बरोबर तुमच्या कंबरेखाली साठतं. वॉटरप्रूफ हॅमॉक म्हणजे पखालच की, फक्त आत पाण्याबरोबर माणूस! साधा हॅमॉक भिजला तर निदान निथळतो आणि वारा लागला की वाळायला पण लागतो. तेव्हा वॉटरप्रूफ जे काय घ्यायचंय ते वरच्या छपराला घ्या, खालच्या झोळीला नको.

आता पट्टा. पोरं दुकानात येऊन सांगतात, काकू वर एवढी मोठी ताडपत्री होती, चारी बाजूंनी ताणली होती, एक थेंब वरून आला नाही तरी पहाटे पाठ ओली, डोक्याखालचं पण ओलं, ताडपत्री गळकी दिलीत का काय. ताडपत्री गळकी नसते. पाऊस झाडावर पडतो, पानांवरून फांद्यांवर, फांद्यांवरून खोडावर येतो आणि खोडावरून ओघळ धरून खाली निघतो, त्या ओघळाच्या मध्ये तुम्ही पट्टा आवळून बांधलेला असतो. झाड गुळगुळीत सालीचं असेल तर ओघळ अजूनच जोरात. ते पाणी पट्ट्यात शिरतं, आणि पट्टा तर झाडाकडून तुमच्याकडे उतरता, म्हणजे तुम्ही हौसेनं पन्हळ लावून ते स्वतःच्या अंथरुणात सोडलेलं असतं. रात्री टॉर्च मारून पट्ट्याची खालची कड बघा कधी. एक थेंब फुगतो, वाटतं आता पडेल, पण पडत नाही, कडेला चिकटून सरकत सरकत हॅमॉकच्या चुण्यांपाशी येतो आणि तिथे कापडात गायब होतो. त्याच्यामागे दुसरा निघालेलाच असतो. हे रात्रभर चालू राहतं, दोन्ही बाजूंनी, एक डोक्याकडून एक पायाकडून, आणि वर कितीही महागाचं कापड लावा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

उपाय फुकटचा आहे. सुती दोऱ्याचा तुकडा घ्या, जुन्या बुटाची लेस चालते, सुतळी पण चालते, तो पट्ट्याला हॅमॉकच्या टोकाच्या जरा अलीकडे घट्ट वेढा देऊन बांधा आणि वीतभर शेपूट खाली लोंबतं सोडा. पट्ट्यावरून आलेलं पाणी दोऱ्यापाशी थांबतं, शेपटीवरून खाली उतरतं आणि टपटप जमिनीवर पडतं, वळचणीच्या पागोळ्या पडतात ना तसंच. दोन्ही टोकांना बांधायचा. फक्त एक लक्षात ठेवा, हा दोरा छपराच्या आत हवा, छपराच्या कडेच्या बाहेर बांधला तर त्याच्यापुढच्या पट्ट्यावर परत पाऊस पडणार आणि परत तेच. वेढा पट्ट्याच्या सगळ्या बाजूंनी बसला पाहिजे, कारण रुंद पट्ट्यावर पाणी वरूनही येतं आणि खालूनही. जोराचा पाऊस असेल तर एकाच्या मागे चार बोटांवर दुसरा बांधा. मधे लोखंडी कडी किंवा कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) असेल तर पाणी तिथेही थोडं तुटतं, पण तेवढ्यावर विसंबू नका, दोरा बांधाच. लेखात छपराचं मटेरियल, रंग, ब्रँड सगळं आलं पण या वीतभर दोऱ्याचा उल्लेखच नाही, खरं सांगायचं तर पत्र लिहायला बसले ती यासाठीच.

छपराच्या दोरीचं पण तेच आहे. ताडपत्रीच्या खालून एक दोरी या झाडापासून त्या झाडापर्यंत नेली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली, हे सगळ्यात सोपं म्हणून सगळे तसंच करतात, पण मग बाहेरची ओली दोरी सरळ आत येते आणि तुमच्या बरोबर नाकावर ठिबकते. तसं करायचं तर ताडपत्रीची कड जिथे येते तिथे आतल्या अंगाला दोरीलाही तसाच दोरा बांधायचा. नाहीतर दोरी आरपार न्यायचीच नाही, ताडपत्रीच्या दोन्ही टोकांच्या मधल्या आयलेटला (दोरी ओवायच्या भोकाच्या कडीला) वेगवेगळ्या दोऱ्या लावून दोन्ही झाडांकडे ताणायच्या, मला हेच बरं वाटतं.

साइजचं गणित लेखात उलटं झालंय. 'हॅमॉकएवढी ताडपत्री' असं लिहिलंय. १० फुटी हॅमॉक टांगला की झोळ पडून टोकापासून टोकापर्यंत साधारण सव्वाआठ फूट भरतो, ११ फुटी असेल तर नऊच्या आसपास (लांबीच्या ८३ टक्के धरतात, त्याहून ताणला तर कडा इतक्या आवळतात की खांदे दाबले जातात). त्याच्या दोन्ही टोकांना दीड फूट तरी छप्पर बाहेर हवं, कारण घाटातला पाऊस उभा पडतोय कुठे, तो आडवाच येतो. म्हणजे १२ फूट लांबी आणि १० फूट पन्हा. १२ बाय १० म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरच्या आत बसतं, १२० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाची) ताडपत्री घेतली तर वजन १ किलो ३५० ग्रॅमच्या आसपास, २०० जीएसएमची घेतली तर सव्वादोन किलो. चाळीवर टाकायला २०० ची हवी, वर्षभर उन्हात राहते ती. हॅमॉकला मात्र कोणी २०० ची मागितली तरी मी १२० चीच काढून देते, पाठीवर वाहायचंय ना ते. ट्रेकच्या दुकानात सिलिकॉन कोटिंगचे नायलॉनचे टार्प, म्हणजे हलक्या ताडपत्र्या, मिळतात ते याच मापात अर्धा पाऊण किलोत बसतात, घडी घातली की पाण्याच्या बाटलीएवढे होतात, पैसे जास्त. आमचं गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल पण चालत लांब जायचं असेल तर तेच घ्या. त्यात एक खोट आहे ती लेखात नाही. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला टार्प पाऊस लागून तासाभरात मधे झोळ देतो आणि रात्री तो झोळ हॅमॉकला टेकतो, टेकला की तिथून पाणी आत. म्हणून झोपायच्या आधी एकदा उठून परत ताण द्यायचा. पॉलिस्टरचा टार्प असा ढिला पडत नाही, आपली निळी ताडपत्री तर मुळीच नाही, पण ती वाऱ्यात रात्रभर कडकड वाजते, ज्यांची झोप सावध आहे त्यांनी कापसाचे बोळे न्यावेत.

आयलेट तुटणं ही दुसरी रोजची तक्रार. वाऱ्यात सगळा ओढा त्या कडीवर येतो आणि कडी कापडासकट उपटून येते. मग काय करायचं, तर तुटलेल्या जागेच्या जरा आतल्या बाजूला खालून लिंबाएवढा गुळगुळीत गोटा धरायचा, ताडपत्री त्याच्यावर गुंडाळून मान पकडायची आणि मानेला दोरी आवळायची. कापडाला भोक नाही, फाटत नाही, आणि कितीही ओढा निसटत नाही. शेतकरी हे वर्षानुवर्षं करतायत, मी त्यांच्याकडूनच शिकले. गाठ मात्र सुरगाठ मारा, निरगाठ नको. ओल्या नायलॉनची निरगाठ पहाटे गार पडलेल्या बोटांनी सुटत नाही आणि मग सुरी काढावी लागते.

छप्पर सपाट ताणायचं नाही, हे वेगळं सांगायला नको पण फोटोतला टार्प सपाटच आहे म्हणून सांगते. एका चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी साचलं तरी ते १० लिटर, म्हणजे १० किलो, आणि साचायला लागलं की कापड अजून खाली जातं अजून साचतं आणि शेवटी सगळं एकदम कोसळतं. दोन्ही बाजू उतरत्या हव्यात, आणि एक कोपरा बाकीच्यांपेक्षा खाली म्हणजे पाणी कुठून पडणार ते आपण ठरवायचं, सॅक त्याच्या विरुद्ध बाजूला. छपराची मधली धार हॅमॉकच्या दोन टोकांना वरून जोडणाऱ्या दोरीपासून वीत दीड वीत वर, त्याहून उंच बांधला की उभं राहता येतं, फोटो पण चांगले येतात, पण पाऊस तिरका आत येतो.

वारा बघून बांधणं ही अर्धी लढाई आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे वारा पश्चिमेकडून नाहीतर नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा झाडं अशी निवडायची की हॅमॉक साधारण दक्षिणोत्तर येईल आणि पश्चिमेची बाजू जमिनीपासून हातभर अंतरावर आणून खुंट्यांना बांधायची, पूर्वेची बाजू उघडी ठेवली तरी चालते. ती थोडी उघडीच ठेवा, सगळीकडून बंद केलं तर श्वासाची वाफ टार्पला आतून धरते आणि मग लोक म्हणतात छप्पर गळतंय. दरीत, खिंडीत वारा कसाही वळतो, तिथे झाडांच्या शेंड्यांकडे पाच मिनिटं बघत उभं राहायचं आणि मग ठरवायचं.

आणि कड्याच्या टोकावर हॅमॉक ही कल्पना कृपा करून छापू नका. लेखात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं नाव घेऊन 'व्ह्यू'चं वर्णन केलंय. कोकणकड्यावर पावसाळ्यात वारा खालून वर येतो, टाकलेली हलकी वस्तू परत अंगावर येते हे तिथे गेलेल्या सगळ्यांना माहितेय, नाणेघाटात धबधबा उलटा उडताना लोक बघायला जातात तो याच वाऱ्यामुळे. म्हणजे तिथे पाऊस पण खालून वर येतो. खालून येणाऱ्या पावसाला वरचं छप्पर काय करणार! शिवाय कोकणकड्याचा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम आहेत, ते विचारल्याशिवाय रात्री कुठेही झोळ्या टांगायच्या नसतात, हे एका ओळीत तरी लिहायला हवं होतं. कड्यापासून मागे या, पूर्वेच्या उताराला या, पाऊस किती कमी होतो बघा. आमच्याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तिथून पन्नास किलोमीटरच्या आत नाशकात सातशेच्या आसपास. नवीन माणसानं पहिला हॅमॉक इगतपुरीच्या जुलैमध्ये कशाला लावायचा, सप्टेंबरात देशावरच्या एखाद्या आंबराईत मालकाला विचारून लावावा, पागोळीचा दोरा नीट बसलाय का ते तिथेही कळतं.

झाडाबद्दल. रुंद पट्टाच वापरा, बारीक दोरी ओल्या सालीत रुतते, झाडाला जखम होते. वरच्या फांद्या बघा, वाळलेली फांदी ओली झाली की जड होते आणि वाऱ्यात आधी तीच येते. गुलमोहर आणि शेवगा ही दोन झाडं तर हॅमॉकला नकोतच, हाडं कच्ची असतात त्यांची. नारळाला बांधलेला हॅमॉक कोकणच्या प्रत्येक जाहिरातीत असतो, वर नारळ लागलेले असताना खाली झोपायचं धाडस ज्यानं त्यानं आपापल्या जबाबदारीवर करावं. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा असतात, तेव्हा माळावरच्या एकट्या झाडाखाली थांबायचंच नाही, हॅमॉक बिमॉक विसरा आणि गावात जा. ओढ्याच्या पात्रात सुद्धा नको, वर पडलेला पाऊस खाली कधी येईल सांगता येत नाही. आणि देवराईत बांधू नका, गावाला आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

गावात कोणाच्या पडवीत झोपायला मिळालं तर हॅमॉक काढूच नका, सतरंजीवर झोपा. पडवीच्या खांबाला हॅमॉक बांधायची आयडिया बऱ्याच जणांना सुचते, पण खांब वरचं ओझं पेलायला उभा केलेला असतो, आडवं ओढायला नाही. ७० किलोचा माणूस ३० अंशाच्या उतारानं टांगला तर एकेका पट्ट्यावर पूर्ण ७० किलो ताण येतो, त्यातली आडवी ओढ ६० किलोची, आणि पट्टे आवळून हॅमॉक सरळ केला, समजा १० अंशच उतार राहिला, तर तोच ताण २०० किलो होतो. जुन्या घराचा दगडावर ठेवलेला खांब एवढ्यानं सरकतो. दुसऱ्याचं घर आहे ते.

थंडीचं थोडक्यात सांगते, कारण भिजणं आणि गारठणं लोक एकच समजतात. पावसाळी हवेत पाठीखालून वारा लागतो आणि स्लीपिंग बॅग अंगाखाली दबून गेलेली असते, दबलेल्या बॅगेत ऊब राहत नाही. कॅरीमॅट (गुंडाळायची फोमची चटई) आत घाला, नाहीतर घोंगडी, लोकर दमट झाली तरी थोडी ऊब देते. कोरडे कपडे एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, ते फक्त झोपताना घालायचे, सकाळी ओले परत चढवायचे, जिवावर येतं पण तसंच करायचं. बूट उलटे करून पट्ट्याला नाही, टार्पच्या आत वेगळ्या दोरीला अडकवायचे, जमिनीवर ठेवले तर जळवा आत बसतात. हॅमॉक खुर्चीच्या उंचीवर हवा, त्याहून खाली असेल तर छपरावरून पडणाऱ्या पाण्याचा चिखल उडून बूड भरतं, आणि पट्टे नायलॉनचे असतील तर तेही भिजून लांबतात, त्यामुळे संध्याकाळी चार बोटं वरच बांधायचा.

लावताना आधी छप्पर मग हॅमॉक, काढताना आधी हॅमॉक मग छप्पर, त्यामुळे टार्प सॅकमध्ये सगळ्यात वर किंवा बाहेरच्या कप्प्यात हवा. हे इतकं साधं आहे तरी पार्किंगमध्ये सॅक उघडून तळातून टार्प काढणारे आणि तोवर बाकी सगळं सामान भिजवणारे दर पावसाळ्यात दिसतात.

घरी आल्यावर ओला टार्प पिशवीत तसाच ठेवू नका, सावलीत दोरीवर टाका, उन्हात नको, उन्हानं नायलॉन कुजतं. ओला ठेवला तर बुरशी येते ती येतेच, पण आतलं कोटिंग पॉलियुरेथेनचं असेल तर ते चिकट होऊन घडी घडीला चिकटते आणि मग तो कितीला घेतला होता याला काही अर्थ नाही. असे चिकटलेले टार्प घेऊन लोक आमच्याकडे 'काही होईल का' म्हणून विचारायला येतात. काही होत नाही, नवीन घ्यावा लागतो. पुढच्या पुरवणीत कोपऱ्यात चौकट करून पट्टा, दोरा आणि छपराची कड यांचं एक साधं रेखाचित्र छापलंत तर बरं होईल, मजकुरापेक्षा ते लवकर कळतं, कागदावर काढून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक ताडपत्रीवाली वाचक, नाशिक